बसून झालेले दिवस

“तू सोमवारपासनं बस,” आई म्हणाली. ती हळदीच्या काहिलीखाली जाळ सारत होती. बोलताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

“सोमवारी गणिताचा जादा तास आहे.”

“मग बुधवारी बस. पर ह्या आठवड्यात बसायलाच पायजे. गेल्या खेपंलाबी उशीर झालाय. पारूचं ध्यान असतंय.”

पारू म्हणजे माझी धाकटी काकू. ती अंगणाच्या पलीकडच्या टोकाला शिजलेली हळद पसरत होती. फेब्रुवारी होता. आमच्याकडे त्या दिवसांत घराघरांतून हळद शिजते आणि सगळं गाव पिवळ्या वाफेत उभं असतं. काकूचं लक्ष हळकुंडांवर होतं, पण काकूचं लक्ष कुठं आहे हे तिच्या नजरेवरून कधी कळायचं नाही.

बसणं म्हणजे मागच्या पडवीत, पोत्यावर बसणं. घरातली बाई पाळीच्या दिवसांत तिथं बसायची. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. देवाच्या दिव्याला, लोणच्याच्या बरणीला तिनं शिवायचं नाही. हळदीला तर तिची सावलीसुद्धा नको, हळकुंड आतून काळं पडतं म्हणायचे. काकू बसायची, तिची लेक म्हानंदी बसायची, आई बसायची. मीही बसायचे. फरक एवढाच, की माझी पाळी आईच्या सोयीनं यायची. घरात पाहुणे असले की पुढं जायची, सुगी असली की मागं यायची.

कारण ती मला आलेलीच नव्हती.

हे आईला ठाऊक होतं आणि मला. तिसऱ्या कुणाला नाही.

त्या सकाळी मला बसवत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं. पहाटेपासून लघवी झाली नव्हती. परसात जायचे, वाट बघायचे, तशीच परत यायचे. ओटीपोटात काहीतरी गच्च भरून राहिल्यासारखं वाटत होतं. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते, कठड्याला टेकत होते, पुन्हा चालत होते.

“गोठ्यातल्या रेडकागत काय फिरालीस?” आई म्हणाली. “एका जागी थांब की.”

“दुखतंय.”

“ओवा खाल्लास का?”

“खाल्ला.”

दुखणं नवं नव्हतं, दीडएक वर्षाचं होतं. ते यायचं, तीन-चार दिवस राहायचं आणि निघून जायचं. सुरुवातीला मी फार लक्ष दिलं नाही. मग एकदा ध्यानात आलं की दुखणं बाजाराच्या हिशोबानं येतं. आमच्या गावचा बाजार शनिवारी. चार बाजार गेले की दुखायचं. पुन्हा चार बाजार गेले की पुन्हा. वैद्याच्या पुडीनं त्यात फरक पडत नव्हता, ओव्यानंही नाही. पोटाच्या साध्या दुखण्याला बाजाराचा वार कसा कळतो, हे मला उमगत नव्हतं. मी आईला सांगितलं, तेव्हा ती एकदम कावरीबावरी झाली आणि म्हणाली, “कुणाला बोलू नगंस.”

आई अशी का झाली, ते सांगायला हवं. तिची एक आत्या होती. तिला कधी पाळी आलीच नाही. लग्नानंतर सासरच्यांनी तिला गाडीत घालून माघारी आणून सोडलं. पुढं जन्मभर ती भावाच्या घरी धुणी धुवत राहिली आणि गावातली पोरं तिला एका वाईट नावानं हाक मारायची. आई लहानपणी त्या आत्याच्या कुशीत झोपायची. ते नाव तिनं मला कधी सांगितलं नाही.

म्हानंदी माझ्यापेक्षा सव्वा वर्षानं लहान. तिला न्हाण आलं तेव्हा काकूनं गावभर गूळ वाटला. गिरणीत दळणाच्या रांगेत कुणीतरी आईला विचारलं, “धाकटीचं झालं की गं. थोरलीचं कवा?” आईनं पिठाचा डबा खाली ठेवला आणि म्हणाली, “तिचंबी कालच. दोघींचं बरोबरच हाय.”

शब्द तोंडातून गेला आणि पुढं सगळं त्याच्या मागं फरफटत आलं. शिवगोंडामामा हिरवी साडी घेऊन आला. केळीचे खांब लावून मखर केलं. दोघी बहिणींना एका पाटावर बसवलं, बायकांनी ओट्या भरल्या, गाणी म्हटली. तालुक्याहून फोटोवाला आला. तो फोटो पुढच्या सोप्यात लावलेला होता. म्हानंदी खुशीत हसतेय. मी बाजूला, हातात नारळ धरून, कुणीतरी परीक्षेला बसवल्यासारखी.

तेव्हापासून मी महिन्याच्या महिन्याला बसत होते. बसायला मला आवडायचंही, खोटं कशाला बोलू? काम नसायचं, पुस्तक घेऊन बसता यायचं. आई कुणी बघत नाही असं पाहून माझ्या पाठीवरून हात फिरवायची, आणि तिच्या लक्षात यायचं की आपण शिवलो. मग हात मागं घ्यायची. मला शिवलं तर काय बिघडणार होतं? पण ती घ्यायची.

“वैजू,” काकूनं हाक मारली, “काडी आण. ही काहील शिजली का बघू.”

हळद शिजली की नाही ते गव्हाच्या काडीनं बघतात. काडी हळकुंडात सहज शिरली की जाळ ओढायचा. मी काडी घेऊन निघाले आणि अंगणाच्या मध्यावर कळ आली. मी खाली बसले. मग आडवी झाले. ओल्या हळदीत.

काकू धावत आली. तिनं मला सरळ केलं, परकराची नाडी सैल केली आणि तिचा हात माझ्या ओटीपोटावर थांबला.

“आक्का,” ती आईला म्हणाली, “हिचं पोट बघितलंस का?”

“ग्यास धरलाय.”

“ग्यास असा एका जागी दगड हून बसत न्हाई.” तिनं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. “हिची पाळी कवा झाली?”

“मागच्या अमावश्येच्या पुढं. तूच की ताट वाढलंस.”

“व्हय,” काकू म्हणाली. “मीच वाढलं.”

तिनं पुढं काही विचारलं नाही. काकांना हाक मारली आणि गावातली ट्रॅक्स जीप बोलवायला सांगितलं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी नळी घालून लघवी काढली. त्या सुटकेचं वर्णन मला करता येणार नाही. मला रडू आलं आणि हसूही. पण पोटातला गोळा तसाच राहिला. डॉक्टरांनी तो दाबून बघितला, आईला तोच प्रश्न विचारला आणि आईनं तेच उत्तर दिलं.

“पाळी नियमित आहे म्हणताय, म्हणजे हा गोळा दुसरा काहीतरी आहे,” ते म्हणाले. “गाठ असावी. मिरजेला न्या. पोट उघडावं लागेल. पिशवीची गाठ असली तर कदाचित पिशवीपण जाईल. मनाची तयारी ठेवा.”

“पिशवी म्हंजे?” आईनं विचारलं.

“गर्भाशय.”

आई दाराला धरून उभी राहिली.

मिरजेच्या वाटेवर ट्रॅक्समध्ये मी मागं आडवी होते. डोकं आईच्या मांडीवर, पाय काकूच्या. काकूचं माहेर मिरजेच्या अलीकडेच, तिला तिथले दवाखाने ठाऊक, म्हणून ती आली होती. गाडी खड्ड्यातून गेली की नळीला हिसका बसायचा. मी उसाच्या गाड्या मोजायला लागले, मग सोडून दिलं. मनात सारखं एकच फिरत होतं. डॉक्टर म्हणाले, पाळी नियमित आहे म्हणजे हा गोळा दुसरा काहीतरी आहे. म्हणजे त्यांनी गणित आईच्या उत्तरावरून मांडलं होतं. पहिलाच आकडा चुकीचा असला की खालची सगळी उत्तरं चुकतात. आमचे गणिताचे गुरुजी अशा वेळी वहीवर एकच मोठी फुली मारायचे, पहिल्या ओळीवर.

काकूची मान डुलायला लागली तशी मी आईला खुणावलं. ती वाकली.

“आई, सांगूया.”

“गप.”

“ते पोट फाडतील.”

“आणि सांगितल्यावर काय करतील?” ती माझ्या कानात बोलत होती, तिचा श्वास गरम होता. “पाळी न्हाई आणि पोट वर आलंय. काय म्हनतील, कळतंय तुला? न्हाईतर म्हनतील, ही बाईच न्हवं. दोन्हीतलं कुठलं पायजे तुला?”

मी मान उचलून काकूकडं बघितलं.

“डॉक्टरीण काय इचारंल ते मी सांगतो,” आई म्हणाली. “तू नुसतं पडून ऱ्हा.”

काकूचे डोळे मिटलेले होते. माझ्या पायावरचा तिचा हात मात्र झोपेतल्या माणसाचा नव्हता. तो मधूनच घट्ट व्हायचा.

डॉ. ऐनापुरेबाई पन्नाशीच्या होत्या. जाड चष्मा, आणि बोलताना प्रत्येक शब्दानंतर समोरच्याला पोचला का बघणाऱ्या. त्यांनी आईला आणि काकूला बसायला सांगितलं, मला टेबलावर घेतलं.

“कितवीत आहेस?”

“दहावीत.”

“पाळी?”

“वेळच्या वेळी येती,” आई म्हणाली.

“मी तिला विचारलं.”

“लाजती वो ती.”

“बरं. तुम्ही सांगा. मागची कधी?”

“अमावश्येच्या पुढं. चार दिवस जातंय.”

बाईंनी मान हलवली, आणि माझ्याकडे वळल्या. “पोट किती दिवस दुखतंय?”

“दीड वर्ष. सारखं नाही. चार बाजार गेले की दुखतं.”

“चार बाजार?”

“दर शनिवारी बाजार असतो. चार गेले की तीन-चार दिवस दुखतं. मग थांबतं. परत चार गेले की परत.”

बाई थांबल्या. त्यांनी चष्मा काढला. “म्हणजे महिन्याला. पाळीच्या वेळीच दुखतं, असं म्हण की.”

“नाही. पाळीच्या वेळी नाही दुखत.”

“मग पाळी एका वेळी आणि दुखणं दुसऱ्या वेळी? प्रत्येक महिन्याला?”

“व्हय व्हय, तसंच,” आई घाईनं म्हणाली.

“असं नसतं हो आई.”

खोलीत पंखा कुरकुरत होता. भिंतीवर एका गुटगुटीत बाळाचं चित्र होतं आणि काकू त्या बाळाकडे टक लावून बघत होती. मी आईकडे बघितलं. तिनं डोळ्यांनी नको म्हटलं. इतकी अजीजी मी तिच्या डोळ्यांत कधी बघितली नव्हती, आणि म्हणूनच मला वाटलं, आणखी थोडा वेळ गेला तर मी गप्प राहीन. कायमची.

“पाळी आलीच नाही,” मी म्हणाले. “कधीच.”

“खोटं बोलती!” आई उभी राहिली. “दुखण्यानं बरळालीया, बाई. मखर केलंय आम्ही हिचं. भावानं साडी आणली. गावजेवण घातलं. फोटो हाय घरात. पारू, सांग की गं! तू हुतीस की!”

काकूनं बाळावरची नजर काढली. “मखर झालं,” ती म्हणाली. “फोटोबी हाय.” मग पदर सावरत, अगदी खालच्या आवाजात, “बाई, तुम्ही पोरीला तपासा. फोटो काय पळून जात न्हाई.”

आई खाली बसली.

तपासणी पाच मिनिटांत झाली. बाईंनी आधी मला सांगितलं, आता इथं हात लावते, आता खोकून दाखव. मी खोकले. त्या “हं” म्हणाल्या, आणि त्या ‘हं’मध्ये पहिल्यांदाच काळजी नव्हती.

“आई, इकडे या. बघा.”

“मी कशाला?”

“या तर. तुमचीच लेक आहे.”

आई आली. काय दिसलं ते मला पडल्या पडल्या दिसत नव्हतं, आईचा चेहरा तेवढा दिसत होता.

“बाहेर यायची वाट आहे ना, तिथं एक पातळ पडदा असतो,” बाई म्हणाल्या. “त्याला जन्मतः थोडी मोकळीक असते. हिचा पडदा पूर्ण बंद राहिलाय. हजार-दोन हजारांत एखाद्या मुलीचा राहतो. कुणाची चूक नाही. मागं साठून निळसर फुगलाय, दिसला? त्यानं लघवीची वाट दाबली. गाठ नाही, काही नाही. भूल देऊन एवढीशी चीर द्यायची. पोटाला हात लावायची गरज नाही.”

“आणि पिशवी?”

“पिशवी ठणठणीत आहे. तिनं तिचं काम चोख केलंय. पुढं मूलबाळ सगळं होईल.”

आईनं हळदीनं भरलेल्या पदरानं डोळे पुसले. मग तिनं विचारलं, “काम केलंय म्हंजे? साठलंय ते काय हाय?”

“रक्त. पाळीचं. दीड वर्षाचं.”

“म्हंजे…” आईचा आवाज चढला. “म्हंजे येत हुती?”

“येत होती की. दर महिन्याला. बाहेर पडायला दार नव्हतं, एवढंच.”

आई काकूकडे वळली. पदराची हळद घामात आणि डोळ्यांतल्या पाण्यात मिसळून तिचा चेहरा पिवळा झाला होता. आणि ती ओरडलीच, “ऐकलंस का पारू? येत हुती! मखर खोटं न्हवतं!”

“ऐकलं,” काकू म्हणाली.

“येत हुती!”

“आक्का, मी तुला कधी काय इचारलं का?” काकू उठली आणि तिनं आईला धरून स्टुलावर बसवलं. “दोन वर्षांत एकदा तरी? बस आता. पाणी पी.”

संध्याकाळच्या आत सगळं झालं. भूल उतरल्यावर नर्सनं सांगितलं, उसाच्या काकवीसारखं काळं, घट्ट रक्त निघालं, भांडं भरून. मला पोट सपाट लागलं. एवढं सपाट, की मी हात ठेवून पुन्हा पुन्हा बघत होते. आई उशाशी बसून होती. तिच्या कमरेला कापडी चंची होती, तिच्यातून तिनं एक हळकुंड काढलं, कपाळाला लावलं आणि माझ्या उशीखाली सारलं. मग चमकून बाहेर काढलं. मग पुन्हा आत सारलं. तिची ती घालमेल मी अर्धवट डोळ्यांनी बघत होते आणि त्या वेळी तिचा अर्थ माझ्या नीट ध्यानात आला नाही.

तो आला महिन्यानंतर.

माझी दहावीची परीक्षा होऊन गेली होती. वाळलेली हळद घासायच्या ढोलात फिरवून झाली होती आणि अंगणात ढीग पडले होते. काकू, आई आणि मी सूप घेऊन निवडत होतो, गड्डे एकीकडे, हळकुंडं एकीकडे. म्हानंदी मागच्या पडवीत बसलेली होती. दार उघडं असल्यामुळं तिचे हलणारे पाय तेवढे दिसत होते.

मला ओलं लागलं. मी परसात जाऊन आले. लाल होतं, साधं, ताजं लाल. मी आईजवळ जाऊन हळूच सांगितलं.

आईचा चेहरा उजळला. तिनं सुपातलं हळकुंड खाली ठेवलं, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मामाची साडी, केळीचे खांब, सगळं आजच आलंय.

“ऊठ,” ती म्हणाली. “सूप ठेव. जा, म्हानंदीशेजारी बस. आता खरंखुरं.”

मी उठले नाही. मी एरवी आईला उलट बोलणारी मुलगी नव्हते. पण उशीखालचं ते हळकुंड मला आठवलं, आणि महिनाभर मनात जे उगीच सुटं सुटं फिरत होतं ते एका ओळीत लागलं.

“आई, मला दुखायचं तेव्हा पाळी चालू असायची. बरोबर?”

“बाईच म्हनाल्या की.”

“दुखायचं तेव्हा तू मला कधी बसवलं नाहीस. बसवायचीस ते दुसऱ्याच दिवशी.”

“मग?”

“मागल्या साली लोणचं घातलं त्या दिवशी मला उभं राहवत नव्हतं. फोडींना मीठ मी चोळलं. श्रावणात सोमवारचा दिवा लावताना मी देवापुढंच आडवी झाले होते. आणि ही हळद…” मी ढिगाकडं बोट दाखवलं. “मी हिच्यात पडले होते. त्याच दिवशी. भांडंभर रक्त घेऊन.”

आईनं ढिगाकडं बघितलं.

“फोडून बघ,” मी म्हणाले. “काळं पडलंय का.”

बाहेर बाजाराकडं जाणारी एक बैलगाडी गेली. काकूनं ढिगातलं एक हळकुंड उचललं, पायरीच्या दगडावर ठेवलं आणि बत्त्यानं फोडलं. दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन तिनं आईपुढं धरले. आत गर्द केशरी रंग होता, कडेपर्यंत.

“त्या लोणच्याची बरणी कालच संपली,” काकू म्हणाली. “पाव्हण्यांनी मागून घेतलं, आक्का.”

“ते येगळं,” आई म्हणाली. “तवा ठावं न्हवतं.”

“हळदीला ठावं न्हवतं?” मी विचारलं.

काकू हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसली. आई हसली नाही. पण तिनं माझ्या हातातलं सूपही काढून घेतलं नाही. नुसती बघत राहिली, माझ्या हाताकडं, सुपाकडं. मी निवडत होते.

तेवढ्यात पडवीतले ते हलणारे पाय थांबले.

“मग मी कशाला बसलोय हितं?” म्हानंदीनं आतून विचारलं.

आईनं काकूकडं बघितलं. काकूचं हसू थांबलं होतं. हळकुंडाचे दोन तुकडे अजून तिच्या तळहातावर होते, आणि ते कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

“आई?” म्हानंदी म्हणाली. “काकू? सांगा की कुणीतरी.”

पोत्याचा आवाज झाला. ती उठली होती.